हृदय जेवतं केव्हा

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

ह्यांना आज घरी आणलं. जिना चढताना शेजारचे मोहनजी पुढे, मी मागे आणि मध्ये हे, दोघांवरही चिडलेले. "मला काय काचेचा समजून राहिले तुम्ही?" निघताना वॉर्डातली सिस्टर म्हणाली होती, "मुरलीधर जी, अब गुस्सा थोड़ा कम." त्याचा परिणाम जेमतेम जिन्यापर्यंत टिकला. वर आल्यावर खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा मागितला तो पेपर.

झटका लहान होता, वेळेवर पोहोचलो, एक स्टेंट बसला. बायको म्हणून मला एवढ्यावर समाधान मानायला हवं. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. सुमेधने पडद्यावर दाखवलं की रक्त न मिळाल्यामुळे ह्यांच्या हृदयाचा एक कोपरा उपाशी राहिला. मी विचारलं, हृदय तर रक्तानेच भरलेलं असतं ना, मग ते उपाशी कसं राहील?

सुमेध म्हणजे ह्यांचा डॉक्टर. नववी-दहावीला माझ्याकडे गणिताच्या ट्यूशनला होता. बीजगणितात कच्चा, पण प्रश्न सोडून देणारा नव्हे. त्याला 'डॉक्टर' म्हणणं मला जमत नाही आणि मला 'मॅडम' म्हणणं त्याला सोडवत नाही. तो म्हणाला, "मॅडम, दुधाचा टँकर घेऊन ड्रायव्हर रात्रभर जातो. पर चाय तो वो ढाबे पे ही पिएगा ना? टँकर का ढक्कन खोल के थोड़ी पिएगा."

म्हणजे आतून वाहणारं रक्त हृदयाच्या उपयोगाचं नाही. भिंत जाड असते, अगदी आतल्या पापुद्र्याला काय झिरपेल तेवढंच. बाकी स्नायूला बाहेरून रक्त येतं, दोन नळ्यांतून. त्याच्याच पृष्ठभागावर वेलीसारख्या पसरलेल्या. साऱ्या शरीराला पुरवणारा स्वतः त्या दोन बारीक नळ्यांवर जगतो. आयुष्यभर मुलांना 'का' विचारायला शिकवलं आणि हा एवढा 'का' मला कधी सुचला नव्हता.

चिन्मयीचा बंगळुरूहून फोन आला. बाबांची चौकशी झाल्यावर म्हणाली, "आई, तू तुझ्याकडे पण बघ." मला काय धाड भरलीय?

२३ नोव्हेंबर, शनिवार

बीपी मोजायचं मशीन आणलं. सुमेधने एक युक्ती सांगितली. वरचा दाब आणि नाडीचे ठोके यांचा गुणाकार केला की हृदयाला त्या घडीला किती प्राणवायू लागतोय याचा अंदाज येतो. दाब वाढला तरी मागणी वाढते, वेग वाढला तरी वाढते. गोळ्या देऊन हा गुणाकार खाली ठेवायचा, एवढंच त्यांचं शास्त्र. मला फार आवडलं. इतकी मोठी गोष्ट आणि सहावीतल्या पोराला येईल असं गणित.

आता रोज सकाळ-संध्याकाळ ह्यांचा गुणाकार करते. हे बाही वर करताना कपाळाला आठ्या घालतात. "माझी परीक्षा घेऊन राहिली का?"

मशीन बरोबर चालतं का बघायला एकदा स्वतःच्या दंडाला लावलं. माझा गुणाकार ह्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा आला, जे शक्यच नाही. पेशंट हे आहेत. बॅटरी बदलली. ह्यांचा आकडा पुन्हा नेहमीसारखाच आला. म्हणजे बॅटरीचाच दोष होता.

२ डिसेंबर, सोमवार

भँवरतालच्या बागेत फिरणं सुरू झालं. फाटकातून आत शिरलं की कारंज्यापर्यंत किंचित चढ आहे, मग सपाट. हे सुरुवातीलाच लांब ढांगा टाकतात. फॅक्टरीच्या गेटवर हजेरी लावायची सवय, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी गेली नाही. मी मुद्दाम मागे राहते. मी बरोबरीने चालले तर ईर्ष्येने आणखी जोरात चालतील.

थंडी पडू लागली आहे. कारंज्यापाशी वारा लागतो आणि माझी डावीकडची खालची दाढ ठणकते. घरी येऊन चहा घेतला की जातं. मफलर बांधायला हवा.

९ डिसेंबर, सोमवार

मफलर बांधूनही दाढ दुखतेच, म्हणून शेवटी दाताच्या डॉक्टरकडे गेले. त्याने टोचून, ठोकून, फोटो काढून पाहिलं. "दीदी, दाँत तो आपके बढ़िया हैं." मग दुखतं काहून, विचारलं तर म्हणाला, कधी कधी दुखणं कुठल्या कुठे जाणवतं, फॅमिली डॉक्टरला दाखवा. त्याला सापडलं नाही, दुसरं काय.

वाट पाहताना चिन्मयीने फोनवर पाठवलेला लेख वाचला. हातापायाचे स्नायू बसल्या जागी रक्तातला प्राणवायू थोडाच घेतात, साधारण पाव हिस्सा. बाकीचा तसाच परत जातो. पळायची वेळ आली की त्याच रक्तातून जास्त ओढून घेता येतो, म्हणजे त्यांच्याकडे शिल्लक असते. हृदयाचं तसं नाही. ते शांत असतानाच तीन चतुर्थांशाच्या आसपास काढून घेतं. शिल्लक म्हणून काही ठेवतच नाही. जास्त हवं असेल तर एकच उपाय, नळ्या रुंद होऊन रक्तच जास्त आलं पाहिजे. आणि नळीत अडथळा असेल तर?

ह्यांना हे समजावून सांगितलं. ऐकता ऐकता हे टीव्हीचा रिमोट शोधत होते.

१८ डिसेंबर, बुधवार

ह्यांना दाखवायला गेलो होतो. सगळं छान आहे. सुमेधला घाई नव्हती, म्हणून मी माझा साठवलेला प्रश्न काढला. त्या दोन नळ्यांत रक्त शिरतं केव्हा? मला वाटायचं, हृदय आवळलं की जोर बसतो, तेव्हा साऱ्या शरीराबरोबर त्यालाही मिळत असणार.

"मूठ आवळा, मॅडम. ज़ोर से. आता उघडून तळवा बघा."

तळवा पांढरा पडला होता. बघता बघता गुलाबी झाला.

आवळलेल्या स्नायूतून रक्त जात नाही. हृदय आवळतं तेव्हा साऱ्या जगाला रक्त वाटतं, पण त्याच दाबाने त्याच्या स्वतःच्या बारीक नळ्या चिमटल्या जातात. डाव्या बाजूला तर फारच. ते सैल पडतं तेवढ्या वेळात त्याचा घास. म्हणून नाडी वेगात चालली की दुहेरी पंचाईत. काम वाढतं, आणि कमी होतो तो नेमका सैल पडण्याचा वेळ. भूक जास्त आणि जेवायला सवड कमी.

परतताना ऑटोत मी हेच बोलत होते. हे म्हणाले, "त्यात नवल काय? घरोघरी तेच चालू आहे. तू कधी बसून जेवून राहिली?"

मी म्हटलं, स्वयंपाक करताना चाखण्यातच पोट भरतं माझं. हे बाहेर बघत राहिले.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सराफ्यात गेलो होतो, मंगळसूत्राची कडी उघडून येत होती. जेवून लगेच निघालो. गल्लीत लग्नसराईची गर्दी, थंडी, त्यात बाजाराची पिशवी. वाटेत दाढेने फार छळलं. पिशवी डाव्या हातात होती, तोही पार कोपरापासून भरून आला. हे पिशवी मागत होते, मी दिली नाही. स्टेंट बसून अजून दीड महिना झाला नाही आणि ह्यांना हमाली करायची आहे.

मग एकदम हेच म्हणाले, "मी दमलो. बसू जरा." सोनाराच्या दुकानात गादीवर टेकलो. त्याने पाणी दिलं. ह्यांनी आपला पेला न पिता माझ्याकडे सरकवला. चेहरा उतरला होता ह्यांचा. मी मनगट धरून नाडी पाहिली, अगदी शांत चाललेली. मग दम कशाचा?

माझा हात मात्र बसल्यावर मोकळा झाला.

५ जानेवारी २०२५, रविवार

काळजीची गोष्ट. हे हल्ली बागेत सारखे बसतात. आधी लांब ढांगा टाकणारा माणूस, आता कारंजं यायच्या आधीच बाक शोधतो. "पाय दुखून राहिले," म्हणतात. मी म्हटलं, पाय दुखतात तर घरात जिना कसा भरभर चढता? बसतात तेही कसे, बागेकडे पाठ करून, माझ्या तोंडाकडे बघत. म्हटलं, काय बघता? तर म्हणतात, "काही नाही. दाढ कशी आहे?"

माझ्या दाढेचं काय घेऊन बसले. स्टेंट पुन्हा बुजू शकतो असं वाचलंय. गुणाकार तर रोज उत्तम येतोय. आकडे बरोबर आणि माणूस दमतोय, याचा अर्थ मला लागत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज दहावीच्या मुलांना शब्दांतली उदाहरणं सोडवायला देऊन मी हृदयाच्या जळणाचं वाचत बसले. आपल्याला वाटतं साखर म्हणजे शक्ती. हृदय मुख्यतः चरबीवर चालतं. पण हट्ट काही नाही, साखर मिळाली तर साखर. इतकंच काय, दमलेल्या पायांच्या स्नायूंतून जे आंबट द्रव्य रक्तात उतरतं तेही हे जाळतं. दुसऱ्यांनी टाकलेलं याला चालतं. चालत नाही ती एकच गोष्ट, प्राणवायूवाचून राहणं. आणि साठा म्हणाल तर अगदी थोड्या ठोक्यांना पुरेल इतका. कमवायचं आणि त्याच क्षणी खर्चायचं. दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट शक्तिद्रव्य ते बनवतं आणि मोडतं.

फळ्यावर दोन गणितं तपासली तर धाप लागली. खडूची धूळ.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. तिळगुळाचे लाडू, पोळ्या, येणंजाणं. दुपारी सगळे गेल्यावर आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. असं माझ्या हातून कधी होत नाही. उठले तर ह्यांनी भांडी घासून पालथी घातलेली. म्हटलं, तुम्हाला वाकायचं नाही ना? म्हणाले, "शनिवारी सुमेधकडे जाऊ."

मीच म्हणणार होते. बरं झालं, स्वतःहून कबूल झाले.

१८ जानेवारी, शनिवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

मी सुमेधला तक्रार सांगितली. हे चालताना सारखे बसतात, लपवतात, विचारलं तर पायांचं नाव सांगतात. सुमेधने ह्यांना पट्ट्यावर चालवायचं ठरवलं. छातीला तारा लावल्या. पट्टा सुरू झाला, मग वेग वाढला, मग चढ. मी पदराचं टोक मुठीत धरून पडद्याकडे बघत होते. हे घामाघूम झाले, पण रेषेची लय कुठेच बिघडली नाही. पट्टा थांबल्यावर सुमेध म्हणाला, "काका, फर्स्ट क्लास. इतना तो मैं भी नहीं चल पाऊँगा. मग बागेत बसता काहून?"

हे टॉवेलने मान पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी कुठे बसतो? मी हिला बसवतो."

मला वाटलं गंमत करतायत.

"कारंजं आलं की ही बोलायचं थांबते. इथे हात लावते," त्यांनी स्वतःच्या जबड्याला हात लावला, "आणि दाढ म्हणते. मी बसलो की बसते. बसली की दोन मिनिटांत दुखणं जाते. मग आम्ही उठतो."

सुमेधने पेन खाली ठेवलं. "मॅडम, दाढ कब दुखती है? जेवताना?"

"नाही."

"गरम-थंड पिताना?"

"नाही."

"चढावर? सामान उचलल्यावर? जेवून चाललं तर?"

मी हो म्हणत गेले. अवघड उदाहरण सोडवताना असं होतं. आधी नुसत्या पायऱ्या लिहीत जातो, आणि मध्येच कुठेतरी शेवटचं उत्तर दिसायला लागतं, मग हात जड होतो.

"हात?"

"डावा," मी म्हणाले. "पण त्यात पिशवी होती."

"आणि आईला काय झालं होतं तुमच्या?"

"गॅस झाला होता. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या गेली."

बोलून झाल्यावर ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं. चाळीस वर्षं हे वाक्य मी असंच सांगत आले आहे.

सुमेधने मला पट्ट्यावर चढवलं नाही. आधी बसल्या जागी कार्डिओग्राम, मग इको. अंधारात पडद्यावर माझं हृदय दिसलं. मी मुलांना भूमितीतल्या आकृतीकडे बघायला सांगते तसं बघू लागले. मागची भिंत छान आत-बाहेर होत होती. पुढची मात्र, जणू बाकीच्यांनी केलं म्हणून नाइलाजाने, थोडीशीच हलत होती.

मी विचारलं, "ती मेली आहे का?"

"अभी कुछ नहीं कह सकते, मॅडम. मेलेली असेल किंवा झोपलेली असेल."

१९ जानेवारी, रविवार

दवाखान्यात भरती आहे. अँजिओग्राफी बुधवारी. हालचाल करायची नाही, म्हणून लिहायला वेळ आहे.

पहिल्यांदा राग आला तो स्वतःच्या गणिताचा. दुखणं रोज एकाच जागी का होतं, हे मी कधी विचारलं नाही. सुमेध म्हणाला, कारंज्यापाशी तुमचा गुणाकार दर वेळी त्याच आकड्याला पोहोचत होता. अरुंद नळीतून त्याच्यापुढचा पुरवठा होत नव्हता. म्हणून त्याच जागी दुखायचं आणि बसलं की थांबायचं. मी वाऱ्याला आणि दाढेला धरून बसले.

दुसरा राग ह्यांचा. पण हे समोर स्टुलावर बसून संत्री सोलतायत, शिरा काढून एकेक फोड देतायत. भांडायला सूर लागत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

काल झालं. मनगटातून बारीक नळी आत घातली. भूल फक्त मनगटापुरती, मी जागी. सुमेधला म्हटलं, पडदा माझ्याकडे वळव. तो म्हणाला, बाकी पेशंट डोळे मिटून घेतात. मी म्हटलं, बाकीच्यांचं मला माहीत नाही.

औषधाचा रंग सोडला आणि करड्या पडद्यावर काळ्या फांद्या उमटल्या. माझ्या हृदयाच्या नळ्या. इतक्या सुंदर असतील असं वाटलं नव्हतं. पुढून उतरणारी जी मोठी फांदी, ती सुरुवातीलाच एका ठिकाणी दोऱ्यासारखी बारीक होती. त्यापुढे रंग अगदी हळू पोहोचत होता. "यातून इतके दिवस मी चालत होते?" मी विचारलं.

"तुम्ही चालत होता, शिकवत होता, काकांचं बीपी घेत होता," सुमेध म्हणाला.

फुगा फुगवला तेव्हा थोडा वेळ छातीवर कोणी बसल्यासारखं झालं आणि दाढ दुखली. तीच दाढ. मी सुमेधला तसं सांगितलंसुद्धा. मग फुगा सोडला, आणि पुन्हा रंग सोडल्यावर ती फांदी टोकापर्यंत एकदम काळी झाली. जाळीदार नळी बसली होती. खोलीतले सगळे दुसऱ्या कामाला लागले. मी तशीच बघत होते.

२७ जानेवारी, सोमवार

घरी. चिन्मयी आली आहे, स्वयंपाक तिच्याकडे. तिचं मराठी हिंदीतून वाट काढत येतं, पण रागावते शुद्ध मराठीत. "दोघेही सारखेच आहात तुम्ही," म्हणाली.

ती आंघोळीला गेल्यावर ह्यांना विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"सराफ्यापासून."

"मग बोलले काहून नाही?"

हे नखाने टेबलाचा सनमायका खरवडू लागले. "बोललो असतो तर तू म्हणाली असती, दाढ आहे. आणि मला तेच ऐकायचं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "मला येऊन गेला होता ना अटॅक. मला वाटलं, आपल्या घरचा कोटा झाला."

रागवायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

जबडा दुखत नाही. पण ती पुढची भिंत अजून अनिश्चित. सुमेधने स्पष्ट सांगितलं. अचानक रक्त तुटलं तर स्नायू मरतो. पण हळूहळू कमी होत गेलं तर कधी कधी तो आपलं काम कमी करत जातो, जेवढा शिधा तेवढीच हालचाल, फक्त जिवंत राहायचं. अस्वलं हिवाळ्यात झोपतात तसा. रक्त पुन्हा मिळालं की जागा होतो, काहींचा आठवड्यांत, काहींचा महिन्यांत, काहींचा नाही. मार्चअखेर पुन्हा इको.

वाट बघताना वाचते. आज एक गोष्ट समजली आणि पुस्तक मिटून बसले. मला वाटायचं, आवळायला शक्ती लागते आणि सोडणं आपोआप होतं, मूठ उघडावी तसं. तसं नाही. स्नायू आवळण्यासाठी त्याच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, आणि सैल व्हायचं तर ते सगळं पुन्हा गोळा करून जागच्या जागी ठेवावं लागतं. त्याला शक्ती लागते. उपाशी हृदयाची आधी बिघडते ती सैल पडण्याची क्रिया. आणि सैल पडता आलं नाही तर घास मिळत नाही.

चिन्मयी परवा गेली. मी आता दुपारी आडवी होते. पहिले काही दिवस त्याची लाज वाटायची.

२ मार्च, रविवार

ट्यूशन पुन्हा सुरू, बसून. मुलं जास्त गप्प असतात, घरून सांगितलं असावं. हे ताटं वाढून घेतात आणि मी बसल्याशिवाय वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढत नाहीत. काल म्हटलं, अहो, निवतंय. म्हणाले, "निवू दे."

बागेत रोज जातो. कारंज्यापाशी दुखत नाही, पण तिथे आलं की आम्ही दोघंही बोलायचं थांबतो.

भीती वाटते का, असं चिन्मयीने फोनवर विचारलं. वाटते. पण त्याहून जास्त मला बघायचं आहे, ती भिंत काय ठरवते ते.

२९ मार्च, शनिवार

आज इको. हे आत आले. स्वतःच्या वेळी कधी पडद्याकडे बघितलं नव्हतं ह्यांनी, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे. आज चष्मा लावून माझ्या उशाशी उभे होते.

सुमेध बरगड्यांवर ते थंड यंत्र बराच वेळ फिरवत होता. मी पडदा बघत होते, पण स्वतःच्याच उत्तरपत्रिकेकडे बघितल्यासारखं, काही वाचता येईना. मग त्याने चित्र थांबवलं आणि जानेवारीतलं शेजारी लावलं. दोन्ही एकदम चालू केली. डावीकडे ती भिंत नाइलाजाने हलणारी. उजवीकडे तीच भिंत, आत येत होती. मागच्या भिंतीइतकी नाही, थोडी उशिरा, थोडी अडखळत. पण येत होती.

"जागी झाली, मॅडम."

मी काही बोलायच्या आत ह्यांनीच विचारलं, "तिला कळलं कसं? रक्त आलं म्हणून?"

सुमेधने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "काका, सच बोलूँ? पूर्ण कोणालाच माहीत नाही अजून. शोधून राहिले लोक."

बाहेर आल्यावर ऑटो करायचा की नाही यावर थोडी बोलाचाली झाली. शेवटी नेपियर टाउनातून चालतच निघालो. हे पुढे, मी मागे. बऱ्याच दिवसांनी ह्यांनी लांब ढांगा टाकल्या. मीही मजेत दुकानांच्या पाट्या वाचत चालले होते. पायात चिन्मयीने घेऊन दिलेले चालायचे बूट होते, त्यातल्या एकाचं काहीतरी पायाखाली आलं. मी खाली बघितलं आणि ह्यांना हाक मारली, "अहो, थांबा. नाडी सुटली."

ते वळले. माझ्या आठवणीत मी ह्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. एक सायकलवाला बाजूला झाला, एका बाईच्या हातातली पिशवी हलली. माझ्यापाशी येऊन त्यांनी माझं मनगट धरलं, बोटं चुकीच्या ठिकाणी ठेवून. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"बुटाची," मी म्हणाले.

त्यांनी खाली बघितलं. "बुटाची म्हणायचं ना मग."

मी वाकायला गेले तर मला थांबवलं. तिथेच, कोचिंग क्लासच्या पाटीखाली, एक गुडघा टेकून बसले आणि नाडी बांधू लागले. माझ्या एका विद्यार्थ्याची आई स्कूटरवरून चालली होती. तिने वेग कमी केला. "नमस्ते मैडम. सब ठीक?"

"सब ठीक," मी म्हटलं.

ती गेली. गाठ मारून झाली होती, वर आणखी एक मारली होती, तरी हे उठत नव्हते. मान खालीच. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले डोळ्यात धूळ गेली. रस्त्याचं काम चालू आहे तिथे, जाऊ शकते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. घाई कोणालाच नव्हती.